माप मोठ्यानं बोलू नये

संस्था काढायला माझ्याकडे जी माणसं येतात त्यांतल्या निम्म्यांना पाटीवर स्वतःचं नाव हवं असतं आणि उरलेल्या निम्म्यांना वडिलांचं. तीस वर्षं मी हेच बघत आलोय. त्यामुळे कुणी जिना चढता चढताच "वकीलसाहेब, समाजासाठी काहीतरी करायचं म्हणतोय" असं म्हणायला लागलं की माझं डोकं उठतं. समाजानं तुम्हाला बोलावणं पाठवलं होतं का, असं विचारावंसं वाटतं. विचारत नाही, कारण माझं पोटही त्यावरच आहे.

मास्तरीणबाई आल्या त्या दुपारी तीनला. माझं ऑफिस बेकरीच्या वरच्या मजल्यावर आहे. तीनला खालच्या भट्टीतून पावांची दुसरी खेप निघते, जिन्यातून ऊब वर चढते, खिडकीच्या काचा धूसर होतात आणि समोरच्या कागदावरची अक्षरं हळूहळू एकमेकांत मिसळायला लागतात. खरं सांगायचं तर त्या वेळेला मी झोपतो. खुर्चीत ताठ बसून, हातात पेन धरून, पण झोपतोच. डोळे उघडले तेव्हा त्या समोर बसलेल्या होत्या. केव्हा आल्या, किती वेळ बसल्या होत्या, कुणास ठाऊक. मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे चेहऱ्याकडे नाही, खांद्यांकडे.

"तुमचा डावा खांदा उतरता आहे," त्या म्हणाल्या. "कोट नेहमी तिकडे घसरत असेल."

घसरतो. पण ते सांगायला कुणी माझ्याकडे येतं का? मी जरा फणकाऱ्यानंच काम विचारलं.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत. त्यांचे यजमान टेलरमास्तर होते, म्हणून या मास्तरीण. मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली, तरी नाव राहिलं, आणि दुकानही राहिलं. त्यांनी मांडीवरचा कागद सोडला आणि माझ्या टेबलावर एक सदरा पसरला. समोरून बघितला तर साधा सदरा: कॉलर, बटणांची रांग, डाव्या बाजूला खिसा. उलटा केला तर पाठ मधोमध उभी कापलेली. एकावर एक येणारे दोन पदर, आणि बगलेपाशी बांधायला मऊ नाड्या. पुढची बटणं नुसती शोभेची.

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हात वर करायला लावू नये," त्या म्हणाल्या. "पुढून बाह्या चढवायच्या, मागून पदर सारायचे, झालं. पाठीखाली बटण नको, गाठ नको. रुततं."

"आणि खिसा कशाला? पडून राहिलेला माणूस खिशात काय ठेवणार?"

मंद पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खिसा काढला की माणूस पेशंट होतो, वकीलसाहेब."

अकरा वर्षं त्या असे सदरे शिवत होत्या. ज्याला जमेल त्यानं कापड द्यावं, ज्याला जमेल त्यानं मजुरी द्यावी, ज्याला काहीच जमत नसेल त्यानं पत्ता द्यावा. म्हणजे सरळ सरळ घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. आता त्यांना याची संस्था करायची होती. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यामागे हे चाललं पाहिजे. एवढंच. त्याला काय काय लागतं ते सांगा."

मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. आधी नाव, मग उद्दिष्टं, मग निदान पाच विश्वस्त आणि तेही एकाच घरातले नकोत. संस्थेकडून पगार घेणारा माणूस विश्वस्त नको. बँकेत वेगळं खातं. निधीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी कुणी उभं करत नाही, कारण प्रत्येकाला आधी झालेलं काम बघायचं असतं, आणि काम करायला तर निधी लागतो. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. शेवटी मी माझं आवडतं वाक्य टाकलं, जे मी प्रत्येकाला टेबलावर बोट आपटून सांगतो: "आणि विश्वस्तानं संस्थेचा दोरासुद्धा स्वतःसाठी घ्यायचा नाही."

"दोरासुद्धा?"

"दोरासुद्धा."

"आणि सदरा?"

"अहो, सदरा तर नाहीच नाही!"

त्यांनी थोडा विचार केला. "मग मला विश्वस्त करू नका," त्या म्हणाल्या, सदऱ्याची घडी घातली आणि गेल्या. खालून पावांचा वास येत होता. हे सगळं खरंच घडलं की मी झोपेत बडबडलो, याचा मला संध्याकाळपर्यंत पत्ता लागला नाही. मग टेबलावर शिंप्याच्या खडूचा निळा तुकडा सापडला.

मला राग आला होता, तो मात्र खरा होता. अकरा वर्षं राबून उभं केलेलं काम आणि बाईला त्यात नाव नको, कारण फुकटचा एक सदरा सुटतो! एवढा कद्रूपणा मी श्रीमंतांतच बघितला होता.

पुढच्या आठवड्यात कागद घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एकच खोली. दारापाशी दोन मशिनं, मध्ये कापायचं लांब टेबल, आणि मागची पूर्ण भिंत खिळ्यांनी भरलेली. प्रत्येक खिळ्याला दोन दोरे लटकत होते, एक पांढरा आणि एक निळा, आणि प्रत्येक दोऱ्याला जागोजागी गाठी. वर पंखा सावकाश फिरत होता आणि शेकडो दोरे एकदम डावीकडे जायचे, एकदम परत यायचे. खोलीत बाहेरचा आवाज येत नव्हता. एखाद्या तळ्याच्या तळाशी उभं राहून वरची झाडं बघावी तसं मला झालं. मी किती वेळ तसाच उभा होतो सांगता येणार नाही.

"वकीलकाका, बसा की! छाती चव्वेचाळीस असेल ना तुमची? पोट त्याहून जास्त!"

ही सून. कपड्यांच्या कारखान्यात आठ वर्षं कापणी केलेली. तिथे मशिनांच्या गोंगाटात आकडे ओरडूनच सांगावे लागतात, ती सवय अंगात मुरलेली. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की झाला. मास्तरीणबाईंचा मुलगा लांबच्या गाड्या चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. तो म्हणे घरी विश्रांतीला येत नसे, ऐकायला येत असे.

"हिच्या हाताला माझ्यापेक्षा सफाई आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण हिचं तोंड बघितलंत ना? परवा एका आजोबांचं माप घ्यायला पाठवली. दारापासून ओरडत आली, आई, छाती तीस! गल्लीला कळलं."

"मग तीसच होती," सून म्हणाली. "खोटं सांगू का?"

मास्तरीणबाईंनी एक पांढरा दोरा खिळ्यावरून उतरवला, कापडावर ताणून धरला आणि गाठींपाशी खडूनं खुणा करत गेल्या. खांद्यापासून मनगट, मानेपासून कंबर. आकडा नाही, टेप नाही. मग खाली बघतच, कापता कापता त्यांनी मला मास्तरांची गोष्ट सांगितली.

"तीस वर्षं आमचं असंच चालायचं. मी माप घ्यायची, आकडा म्हणायची, ते वहीत उतरवायचे. मग ते आजारी पडले. दवाखान्यातले कपडे त्यांना नको वाटायचे, शिंपीच ते. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला पाठीकडून उघडणारा शिवते. मी पलंगावर माप घ्यायला बसले आणि सवयीनं तोंडातून गेलं. छाती बत्तीस." कात्री थांबली. "त्यांची चाळीस होती हो. डॉक्टरांच्या रिपोर्टातलं त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. बत्तीस कळलं. दुसऱ्या कुणाला नुसता आकडा असता तो. आयुष्यभर लोकांच्या छात्या मोजलेला माणूस. भिंतीकडे तोंड केलं त्यांनी. सदरा घातला, पण त्यानंतर माझ्याशी धड बोलले नाहीत. दीड महिन्यात गेले."

त्यानंतर त्यांनी टेप कधी हातात धरली नाही. पांढऱ्या दोऱ्याला लांबीच्या, निळ्याला घेराच्या गाठी मारायच्या, दोरा घरी आणायचा, कापडावर ठेवायचा आणि कापायचं. माणूस गेल्याचं कळलं की गाठी सोडायच्या, दोरा धुवायचा आणि नव्या माणसाला वापरायचा.

"तर ते कलमात घाला," त्या म्हणाल्या. "माप मोठ्यानं बोलू नये."

मी हसलो. विश्वस्तपत्रात उद्दिष्टं असतात, अधिकार असतात, संस्था बंद पडली तर मालमत्तेचं काय करायचं ते असतं. कुणी काय बोलावं याचं कलम नसतं, असं त्यांना समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "मग बाकीचं नसलं तरी चालेल," त्या म्हणाल्या, "हे हवं." मागे सून दातात दोरा धरून हसत होती.

निधीचं मात्र अनपेक्षितपणे जमून आलं. मीच माहिती काढून अशा कामांना पैसे देणाऱ्या एका मोठ्या निधीकडे अर्ज केला होता. काचेच्या भिंतींचं ऑफिस, कोपऱ्यात कुंडीतलं झाड, आणि निधीच्या बाई मृदू बोलणाऱ्या. सदरा त्यांनी हातात घेतला, उलटा केला आणि खूप वेळ खाली ठेवला नाही. तीन वर्षांचा खर्च द्यायला त्या तयार झाल्या: सुनेचा पगार, कापड, आणखी एक मशीन, घरोघरी जायचा खर्च. अट एकच. संस्थापकांनी तीन वर्षं विश्वस्त राहिलं पाहिजे. "ज्यांचं काम, त्याच बाहेर राहिल्या तर आम्ही भरवसा कुणावर ठेवायचा?" त्या म्हणाल्या. मी त्यांच्या जागी असतो तर हीच अट घातली असती.

"नाही जमणार," मास्तरीणबाई म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या बाकावर बसून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. हातातोंडाशी आलेला घास कुणी असा टाकतं का? एका सदऱ्यासाठी? हवा तर मी माझ्या पैशानं दहा सदरे शिवून देतो, असंही म्हणालो. समोरून माणसं जात होती, ऊन उतरत होतं, आणि त्या जाणाऱ्या-येणाऱ्यांचे खांदे बघत बसल्या होत्या.

"मला पोटात आहे," त्या म्हणाल्या. कापडात डाग आहे म्हणावं तितक्या सहज. "पसरलंय. डॉक्टर म्हणतात वर्ष. पण डॉक्टर माप जरा सैलच सांगतात."

मी हातातले कागद बाकावर ठेवले.

"मला सदरा लागणार आहे, वकीलसाहेब. आज शिवून ठेवला तर तेव्हाच्या अंगाला कसा बसेल? आणि माझा मीच शिवला तर मला कसं कळणार, की माझ्यामागे हे चालतंय? मी अर्ज करीन. रांगेत थांबेन. संस्थेनं माझ्या दारात यायचं, बाकीच्यांकडे जाते तसंच. आली तर मी सुखानं डोळे मिटेन. तुम्हीच म्हणालात ना, विश्वस्ताला दोरासुद्धा नाही? म्हणून मी विश्वस्त नको."

मला रडू आलं. वकिलाला रस्त्यावर शोभत नाही, पण आलं. या बाईला मी कद्रू म्हटलं होतं, मनात का होईना, आणि ते मला आजही लागतं. डोळे पुसून मी विचारलं, "सुनेला माहीत आहे?"

"सांगितलं. ऐकून दोन मिनिटं गप्प होती." त्या हसल्या. "घरात आल्यापासून पहिल्यांदा."

त्यांच्या परवानगीनं मी निधीला खरं कारण कळवलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. तीन वर्षांऐवजी एका वर्षाचा निधी, पुढचं काम बघून पुढचं. आणि संस्थापकांच्या जागी त्यांचे कायदेशीर सल्लागार विश्वस्त होणार असतील तर. अशिलाच्या संस्थेत कधी बसायचं नाही हा माझा तीस वर्षांचा नेम. तो मोडला. शिवाय विश्वस्त झाल्यावर फी घेणं माझ्याच भाषणात बसेना. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मास्तरीणबाईंची पायरी चढू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचे चार म्हणजे खालचा बेकरीवाला, एक निवृत्त नर्स, टपाल वाटणारे एक गृहस्थ, आणि एक चाकाच्या खुर्चीतल्या बाई, ज्या मास्तरीणबाईंच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांना मी आधीच सांगितलं की आता तुम्हाला नवा सदरा नाही. "माझ्याकडे चार आहेत," त्या म्हणाल्या.

नोंदणी कार्यालयातला अधिकारी कलम नऊपाशी अडला. त्यानं ते दोनदा वाचलं. लाभार्थ्याचे माप घेताना ते त्याच्या कानी पडेल असे आकड्यात उच्चारू नये.

"हे काय? काढून टाका."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरीणबाई टेबलाशी वाकल्या आणि त्यांनी मास्तरांची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत, बत्तीससकट. अधिकाऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राहू द्या," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

मास्तरीणबाईंचा अर्ज आला तो सात महिन्यांनी. आम्ही पाचही जण तो हातात धरून बसलो होतो. नर्सबाई म्हणाल्या, आजच जाऊ या. बेकरीवाला म्हणाला, "यांच्याआधी दोन अर्ज आहेत. रांग मोडली तर त्या आपल्याला सोडतील का?" खरं होतं. मास्तरीणबाई आठ दिवस थांबल्या. ते आठ दिवस माझे कसे गेले ते मला माहीत.

एका विश्वस्तानं माप घेताना हजर राहायचं ठरलं होतं, म्हणून मी सुनेबरोबर गेलो. त्याच घरात राहणारी ती, पण त्या दिवशी बाहेर जाऊन, दार वाजवून, संस्थेची पिशवी घेऊन आत आली. सकाळची वेळ होती. खिडकीला पातळ पडदा होता आणि खोलीत दुधी उजेड भरला होता. पलंगावर मास्तरीणबाई होत्या असं मी म्हणेन, कारण दुसरं कोण असणार. सून पलंगाच्या कडेला बसली. तिनं पांढरा दोरा काढला, मानेपाशी धरला, गाठ मारली. खांदा, गाठ. मनगट, गाठ. ती एक शब्द बोलत नव्हती. तिच्या ओठांवर घाम आला होता. मग निळा दोरा पाठीखालून अलगद सरकवून तिनं छातीवर आणला, दोन्ही टोकं जुळवली आणि गाठ मारली.

"किती आलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मला वाटलं, परीक्षा बघतायत. मग मी त्यांचे डोळे बघितले. परीक्षा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्या घाबरल्या होत्या.

"सांग ना गं. मी काय परकी आहे? मला कळतं सगळं. सांग."

सुनेनं दोरा मुठीत घेतला. "मला माहीत नाही, आई."

"लबाडी करू नकोस. तुझी नजर मला माहीत आहे. लांबून बघून आकडा सांगतेस तू."

"आज मोजलंच नाही," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज घट्ट होता. "शपथ. गाठ मारताना दुसरीकडे बघत होते."

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही."

मास्तरीणबाई वर छताकडे बघत राहिल्या. त्यांचा श्वास हळूहळू संथ झाला. मग विचारलं, "कधी मिळेल?"

"शुक्रवारी."

"शुक्रवार म्हणजे शुक्रवार हं. शिंप्यांचे शुक्रवार मला माहीत आहेत."

सदरा गुरुवारी सकाळीच तयार झाला. रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा तो त्यांच्या अंगात होता, आणि औषधांमुळे त्या अर्ध्या इथे आणि अर्ध्या दुसरीकडेच कुठेतरी होत्या. मला ओळखलं नाही. मी कुणी भेटायला आलेला परका माणूस आहे असं धरून त्या माझ्याशी अदबीनं बोलत होत्या. बाहीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हा सदरा फार चांगला शिवलाय हो. अंगाला कुठे लागत नाही. असे कुठे शिवून मिळतात?"

मी त्यांना पत्ता सांगितला. बेकरीच्या मागची गल्ली, डावीकडचं तिसरं दार.

"लांब आहे का? मला चालवत नाही."

"चालायचं नाही, बाई," मी म्हणालो. "ते लोक घरी येतात."

"अस्सं," त्या म्हणाल्या, आणि झोपी गेल्या.